मुलींनी सायकल चालवावी का?

‘डॉक्टर, वयात आलेल्या मुलीने सायकल चालवली तर गर्भाशयाला इजा होते का?’ पालक मला अजूनही विचारतात. उत्तर स्पष्ट आहे: नाही.

महिलांची रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद सायकल शर्यत १९५८ साली सुरू झाली. पहिली लक्झेंबर्गच्या एल्सी जेकब्स यांनी जिंकली. ऑलिंपिकमधील महिलांची शर्यत १९८४ साली ७९ किलोमीटरची होती, २०२४ साली ती १५८ किलोमीटरची झाली. पाळीच्या दिवसांतही सायकल चालवण्यास हरकत नाही.

मात्र राजूर घाट सोडाच, साध्या चढावरही मुलीला धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या द्या. त्या चहाबरोबर मात्र नकोत. दोष रक्तातला असतो, सायकलचा नव्हे.