कल्पना उत्तुंग, माणसे पुसट

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तील कथेनुसार, रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागे साहित्यविद्या देशोदेशी फिरली आणि अखेर विदर्भातील याच नगरात दोघांचा विवाह झाला. विज्ञान आणि साहित्य यांचा विवाहही मराठीत केव्हाच लागला. पण संसार मात्र अद्याप पुरता जुळलेला नाही, अशी अनेक चोखंदळ वाचकांची तक्रार आहे.

डॉ. जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही नावाजलेली कादंबरी या तक्रारीचे चांगले उदाहरण ठरावे. खोदकामात एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा हाती लागतो. त्यातील ज्ञानाच्या बळावर बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो आणि तो आपल्यासारखेच यंत्रमानव निर्माण करू पाहतो. बळीच्या पुराणकथेला दिलेली ही कलाटणी विलक्षण आहे. मोठ्या अपेक्षेने पुस्तक हाती घेणारा वाचक मात्र पुष्कळदा हिरमुसतो. पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी वाचकाला विज्ञान समजावून सांगतात, त्यांची सुखदुःखे मनाला भिडत नाहीत, असे त्याला वाटते.

ही तक्रार निराधार नाही. परंतु ती केवळ मराठीपुरतीही नाही. 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळवणाऱ्या लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या कादंबरीबद्दलही जगभरातील अनेक वाचकांनी हेच म्हटले. याचे कारण या साहित्यप्रकाराच्या घडणीत आहे. सामाजिक कादंबरीत माणूस केंद्रस्थानी असतो आणि घटना त्याच्यासाठी घडतात. विचारप्रधान विज्ञानकथेत मात्र नायक असते ती कल्पना. 'असे झाले तर?' या प्रश्नाची तर्कशुद्ध उकल हेच तिचे कथानक. पात्रे त्या उकलीची साधने होतात आणि साधनांना चेहरा क्वचितच लाभतो. त्यातच विज्ञानाचा प्रसार हा नारळीकरांचा घोषित हेतू होता.

निराशेचे दुसरे कारण लेखकाच्या कीर्तीत आहे. विश्वविख्यात शास्त्रज्ञाची कादंबरीही तितकीच थोर असणार, असे वाचक आधीच गृहीत धरतो. अपेक्षाभंग झालाच, तर काही जण आदरापोटी गप्प बसतात, तर काही जण चिडून साऱ्या विज्ञानकथेकडेच पाठ फिरवतात. दोन्हींत नुकसान साहित्याचेच. चुका कोणी दाखवल्याच नाहीत, तर पुढचा लेखक शिकणार कशावरून?

हा धोका नारळीकरांनी फार पूर्वी ओळखला होता. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, ते नावाला नव्हे, कथेला.

20 मे 2025 रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्यांच्या कादंबऱ्या आता वाचायच्या, त्या मुखपृष्ठावरील नाव क्षणभर झाकून. मग कल्पनेची झेपही दिसेल आणि माणसांचे पुसटपणही मोकळेपणाने सांगता येईल. अशी परीक्षा त्यांनी स्वतःच मागितली होती.