नकाशाला आधी आपलं गाव सांगा

समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटचा हॉल संगणकावर सजतो आहे. दक्षिणेला मोठी खिडकी, तिची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर. २१ डिसेंबरची भर दुपार निवडली की पडद्यावर ऊन थेट चौदा फूट आत येतं आणि समोरच्या भिंतीलगतच्या सोफ्यावर पसरतं. आजोबांची आरामखुर्ची कुठे ठेवायची, तुळशीची कुंडी कुठे जगेल, हे त्या चित्रावरून ठरतं. घर ताब्यात आल्यावर कळतं, की ऊन सव्वासहा फुटांवरच थांबतं.

सॉफ्टवेअरचं गणित बरोबरच होतं. ते फक्त अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर या गावासाठी केलेलं होतं. घराच्या आराखड्यांसाठी जगभर वापरलं जाणारं स्केचअप २००० साली याच गावातल्या एका कंपनीने बाजारात आणलं. फाइलला स्थान दिलं नाही, तर सूर्य बोल्डरचाच धरण्याची त्याला सवय आहे. बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे ऐन हिवाळ्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो. पुणे साडेअठरा अंशांवर, म्हणून इथे तोच सूर्य ४८ अंशांवर असतो. सूर्य जितका खाली, तितकं ऊन खोल शिरतं.

उन्हाळ्यात फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्याचा माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. बोल्डरमध्ये असं कधीच होत नाही. जूनमध्ये पुण्याचा सूर्यास्त थेट पश्चिमेला न होता सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. उत्तरेची खोली थंड, असं धरून चालणाऱ्यांनी मे महिन्यातली संध्याकाळ पडद्यावर लावून बघावी. तिरकं ऊन त्या खिडकीतूनही आत येताना दिसेल.

फाइल योग्य गावात आहे की नाही, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मोकळ्या जागेत एक उभा खांब काढा. तारीख १३-१४ मे आणि वेळ दुपारी साडेबाराची ठेवा. पुण्यात तेव्हा शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी व्हायला हवी. लांब सावली दिसली, तर अक्षांश-रेखांश किंवा प्रमाणवेळ चुकली आहे. स्वीट होम थ्रीडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं नकाशावरच्या होकायंत्रात भरता येतं. उत्तर दिशा मात्र फ्लॅटमध्ये उभं राहून फोनच्या होकायंत्रावरून घेऊ नये. भिंतीतल्या सळ्या त्याची सुई भरकटवतात. उपग्रह-नकाशावर आपली इमारत शोधून तिच्या कडेवरून दिशा घेतलेली बरी.

गाव ठरलं, की पुढचं काम मापांचं. इथे सॉफ्टवेअरची मदतच अडचणीची ठरू शकते, आणि तिचं मूळ १९६३ पर्यंत मागे जातं. त्या वर्षी एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड सादर केलं. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा ओढायच्या आणि ‘या समांतर कर’, ‘हा काटकोन कर’ अशा अटी घालायच्या. संगणक अट पाळून चित्र नीट करून देई. आजचं प्रत्येक सॉफ्टवेअर हा वारसा चालवतं. भिंतीची रेघ थोडी तिरकी गेली, तर ते ती न विचारता काटकोनात बसवतं. खरी भिंत मात्र इतकी आज्ञाधारक नसते. बारा फुटांच्या भिंतीचा कोन एका अंशाने चुकला, तर दुसऱ्या टोकाला अडीच इंचांचा फरक पडतो. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कपाट तिथेच अडतं.

म्हणून खोलीच्या चार बाजूंसोबत दोन्ही कर्णही मोजावेत. दहा बाय बाराच्या काटकोनी खोलीचा कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या आसपास यायला हवा. समोरासमोरच्या भिंती सारख्या असूनही दोन कर्णांत फरक आला, तर खोली तिरकी आहे. शुल्बसूत्रांमध्ये बौधायनाने सांगितलेला कर्णाचा नियम तो हाच, आणि गवंडी आजही तीन-चार-पाचच्या मापाने गुण्या तपासतात. लेझर मीटरची चूक साधारण दोन मिलिमीटरच्या आत राहते. फोनने खोली स्कॅन करणारी ॲप्स झटपट नकाशा देतात, पण त्यांची चूक काही सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आरसा किंवा काच आली की ती गोंधळतात. अंदाजासाठी ती चांगली आहेत. सुताराला माप देण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

गिलावाही विसरू नये. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गिलावा चढला, की ती साडेपाच इंचांची होते. करारातला कार्पेट एरिया आणि आपण काढलेल्या खोल्यांची बेरीज जुळत नाही म्हणूनही घाबरू नये. रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घरातल्या मधल्या भिंतींनी व्यापलेली जागा धरलेली असते, बाल्कनीची नसते. आकडे जुळवण्यासाठी नकाशातल्या खोल्या ताणणं ही मोठी चूक आहे.

सॉफ्टवेअरमधल्या तयार फर्निचरच्या उंचीकडे लोक फारसं बघत नाहीत. अमेरिकी साच्यातला स्वयंपाकाचा ओटा ३६ इंचांचा, म्हणजे ९१ सेंटिमीटरचा असतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, तिचं कोपर साधारण ९६ सेंटिमीटरवर. हात न अवघडता काम करायचं, तर ओटा कोपराच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली हवा. हिशोब ३२ ते ३४ इंचांवर येतो. त्यावर शेगडी, शेगडीवर कुकर. ३६ इंचांच्या ओट्यावर रोज पोळ्या लाटायच्या, तर दोन्ही खांदे सतत उचललेले राहतात. जी व्यक्ती तिथे सर्वांत जास्त वेळ उभी राहणार, तिचं कोपर मोजून तो आकडा आधी भरावा. चित्रातला फिरता माणूसही तिच्याच उंचीचा करावा. माळ्यावरचा डबा हाताला लागतो का, हे तेव्हाच कळतं.

आणखी एक सावधगिरी सॉफ्टवेअरच्या चकाकत्या चित्रांबद्दल. भिंतीवरून परावर्तित होणारा मऊ प्रकाश मोजण्याची एक पद्धत १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी उष्णतेच्या प्रसाराच्या गणितातून उचलली. त्यानंतर ही चित्रं इतकी खरी होत गेली, की २०१४ पर्यंत फर्निचर विकणाऱ्या आयकियाच्या कॅटलॉगमधली सुमारे तीनचतुर्थांश उत्पादनचित्रं कॅमेऱ्याऐवजी संगणकाने काढलेली होती. पण कॅमेऱ्याचा कोन रुंद केला, की दहा फुटांची खोली पंधराची भासते. इंटिरिअर करणाऱ्याने चित्र दाखवलं, तर कोन ६० अंशांच्या आसपास आणून पुन्हा दाखवायला सांगावं. दिवेही पिवळसर २७०० केल्विनचे आहेत की घरात लागणाऱ्या पांढऱ्या ट्यूबचे, हे विचारावं. रंग तर पडद्यावरून कधीच ठरवू नये. पडदा स्वतः उजळतो, भिंत फक्त पडलेला उजेड परत पाठवते. छोटा डबा आणून दोन फुटी चौकोन रंगवावा आणि तो सकाळी, दुपारी, दिव्याखाली बघावा.

पडद्यावर एका क्लिकने भिंत नाहीशी होते. ती भार पेलते की नाही, तिच्यात पाइप किंवा तारा आहेत की नाहीत, हे घरसजावटीच्या सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये भिंती साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. त्या फोडायला, खोदायला स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आणि सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नये.

आणि नकाशा पुरा झाला, की एक दिवस रिकाम्या खोलीत जाऊन फरशीवर खडूने पलंग, कपाट, टेबल खऱ्या मापाने आखा. दारं उघडून बघा, दोघांनी एकाच वेळी ओट्यापाशी उभं राहून बघा, आणि मगच सुताराला आगाऊ रक्कम द्या.