भयकथेचे वाचन : हॅलोवीनच्या निमित्ताने

३१ ऑक्टोबर ही ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांच्या सणाची पूर्वरात्र, म्हणजेच हॅलोवीन. आयर्लंड, ब्रिटन व अमेरिका येथे या सुमारास भयकथा आवडीने वाचल्या जातात. आपल्याकडे हे वाङ्मय पुष्कळदा केवळ करमणुकीचे मानले जाते. म्हणून तीन ग्रंथ येथे सुचवावेसे वाटतात. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी दैनंदिन्या, पत्रे व वृत्तपत्रीय कात्रणे यांतून उलगडते; या कागदोपत्री पुराव्यामुळेच अशक्य ते शक्य भासू लागते. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) मध्ये भुते खरी, की कथा सांगणाऱ्या घरशिक्षिकेच्या मनातली, हा निर्णय वाचकावर सोपविलेला आहे. एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे हस्तलिखितांचे अभ्यासक. त्यांच्या १९०४ च्या कथासंग्रहात जुने ग्रंथ व चित्रे न्याहाळणारा विद्वानच भयाच्या तावडीत सापडतो.

येथे भय उपजते ते मुख्यतः निवेदनाच्या रीतीतून. सांगणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न वर्गात शिकविणे कठीण. या ग्रंथांचा वाचक तो आपण होऊन विचारू लागतो. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या भयकथाही शिक्षकांनी याच दृष्टीने पुन्हा वाचाव्यात.