मुसळ कुठे बसवायचं?

मेसची भाजी आणि मी यांच्यात गेली तीन वर्षं एक बरणी उभी आहे. लाल मसाल्याची. आमच्या विंगमधल्या निम्म्या पोरांनी ती चोरून चाटलेली आहे, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही. हा मसाला येतो लालबागहून, माझ्या काकांच्या डंक्यावरून. यंदा मात्र बरणी दीड महिना उशिरा आली, आणि त्याचं कारण चक्क सिव्हिल इंजिनीअरिंगमध्ये सापडलं. म्हणून हा लेखप्रपंच.

लालबागला मसाला गल्ली आहे हे पुष्कळांना माहीत असेल. मार्च ते मे या काळात बायका ब्याडगी, काश्मिरी, लवंगी मिरच्या घेतात, धणे-खोबरं भाजून आणतात आणि डंक्यावर कांडून नेतात. वर्षभराची बेगमी! डंका म्हणजे काय? मोटर, पट्टा, एक फिरता दांडा आणि त्यावरचे कॅम. कॅम लोखंडी मुसळ उचलतो आणि सोडून देतो. ते धाडकन उखळात पडतं. मेकॅनिकलवाले याला ड्रॉप हॅमर म्हणतील. मिक्सरपेक्षा यात मसाला कमी तापतो, म्हणून वास आणि रंग टिकतो. सगळं साधं आहे. फक्त प्रत्येक ठोक्याचा दणका खाली जमिनीत जातो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमचे आजोबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी तो कधी संपलाच नाही. आजोबांनी मग चाळीच्या तळमजल्यावर १४० चौरस फुटांचा गाळा पागडीने घेतला आणि डंका टाकला. वर १६० चौरस फुटांची खोली, खाली धंदा. त्यावर तीन पिढ्या जेवल्या. त्यात माझी फीसुद्धा आली.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, ऑफिसं, टॉवर उभे राहिले. परळ-लालबागला पुन्हा जान आली, पण ती नव्या लोकांची. आता पाळी आमच्या चाळीची.

आधी चाळी पडायला का आल्या ते बघू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण एवढ्याशा भाड्यात घरमालक छप्पर कशाला शाकारतोय? शेवटी १९६९ मध्ये सरकारने कायदा करून या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती होत्या. यांनाच 'सेस इमारती' म्हणतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची ती 'अ' वर्गातली. आमची चाळ त्यातलीच. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते आणि आजी ती पेपरात शोधते. मागच्या वर्षी यादीत नाव नव्हतं, तरी आजीच्या कॉटवर प्लॅस्टरचा पोपडा पडला. ती नेमकी नळावर गेली होती म्हणून वाचली.

तेव्हा 'जुनं ते सोनं' असलं काही मी म्हणणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. ती इमारत तर पुनर्विकास प्रकल्पाच्या हद्दीतच होती! उशीर माणसं मारतो. पुनर्विकास हवाच. प्रश्न एवढाच की त्यात मोजतात काय?

मोजतात चौरस फूट. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम अशा चाळींसाठी आहे. किमान ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. राहणाऱ्याला खोली कितीही लहान असली तरी किमान ३०० चौरस फूट कार्पेट घर फुकट. दुकानदाराला मात्र जुन्या दुकानाएवढीच जागा. बदल्यात बिल्डरला मूळ भूखंडावर ३ एफएसआय किंवा पुनर्वसनाच्या क्षेत्रावर ठरावीक टक्के जादा बांधकाम, यांत जे जास्त असेल ते मिळतं.

एक सोपं गणित करू. समजा भूखंड १,००० चौरस मीटर. ३ एफएसआय म्हणजे ३,००० चौरस मीटर, साधारण ३२,३०० चौरस फूट बांधकाम. ४० कुटुंबांना ३०० प्रमाणे १२,००० आणि १० दुकानांना १४० प्रमाणे १,४०० चौरस फूट. भिंती वगैरे धरून ढोबळमानाने १६,००० झाले. उरलेला अर्धा भाग बिल्डर बाजारभावाने विकतो आणि त्यातून सगळ्या इमारतीचा खर्च व नफा काढतो. जादूबिदू काही नाही.

पण याच गणितात दुकानदाराची गोम आहे. रस्त्याला लागून असलेला तळमजल्याचा गाळा हा बहुधा इमारतीतला सगळ्यात महाग तुकडा. नियम म्हणतो १४० च्या बदल्यात १४०. ते १४० पुढे की मागे, रस्त्याच्या पातळीवर की पहिल्या मजल्यावर, हे करारात भांडून घ्यावं लागतं. नव्या इमारतीला मोकळी जागा सोडावी लागते, कंपाउंड येतं, वॉचमन येतो. ओट्यावर बसून 'जरा अर्धा किलो टाका' म्हणणारं गिऱ्हाईक गेटवर रजिस्टरमध्ये सही करून येणार का? घराला नळ, उजेड आणि दार पुरतं. दुकानाला रस्ता लागतो.

आणखी एक गोष्ट. जे धंदे कागदावर नाहीत, ते मोजलेच जात नाहीत. गिरणगावात बायकांनी राहत्या खोलीत खाणावळी चालवल्या. त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. अशी खोली नियमाच्या लेखी नुसती खोली. आमच्या चाळीतल्या एक मावशी आजही बारा डबे देतात. त्यांना ३०० फूट मिळतील आणि त्या खूशही आहेत. पण जिन्याखाली वीस वर्षं इस्त्री करणारा भय्या? त्याच्याकडे पावतीच नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा काकांनी प्लॅनची झेरॉक्स पुढ्यात टाकली. "घ्या इंजिनीअर. चाळीतले सगळे म्हणतायत सही करा. बघ काय आहे ते."

मी ऐटीत बघितलं. गाळा १४० फूट, बरोबर. रस्त्यावर, बरोबर. म्हटलं, "काका, बिनधास्त सही करा."

ते म्हणाले, "खाली काय आहे?"

दुसरी शीट उलगडली. गाळ्याच्या बरोबर खाली तळघर. पार्किंग! म्हणजे काकांचा डंका जमिनीवर नव्हे, स्लॅबवर बसणार. दिवसभर मुसळ आदळणार आणि तो दणका स्लॅब-बीममधून थेट वरच्या फ्लॅटपर्यंत जाणार. पहिल्याच आठवड्यात तक्रार, दुसऱ्यात डंका बंद. क्षेत्रफळ पूर्ण, धंदा शून्य. तीन वर्षं शिकलेल्या मला हे दिसलं नाही. दहावी झालेल्या काकांनी एका प्रश्नात दाखवलं. सारं मुसळ केरात म्हणतात ते हेच!

हॉस्टेलला परत आल्यावर सरांना विचारलं. त्यांनी आयएस २९७४ चा दुसरा भाग वाचायला लावला. आदळणाऱ्या यंत्रांच्या पायाबद्दलच आहे तो. सार असं, की अशा यंत्राला जमिनीतून स्वतंत्र पाया द्यायचा, इमारतीच्या पायाला तो चिकटू द्यायचा नाही, मध्ये फट ठेवायची. पण त्यासाठी खाली जमीन हवी ना! प्लॅनमध्ये तळघर नसलेले दोनच गाळे होते, मागच्या गल्लीच्या टोकाला.

म्हणजे रस्ता हवा तर डंका सोडा, डंका हवा तर रस्ता सोडा. काकांनी रात्रभर विचार केला आणि गल्लीचा गाळा मागितला. म्हणाले, "गिऱ्हाईक वास काढत येईल. नुसती पाकिटं विकायला मी कशाला हवा?"

'बघू, करू' असं तोंडी उत्तर मिळालं. गाळ्याचा नंबर, छताची उंची, यंत्राचा स्वतंत्र पाया, थ्री-फेज जोडणी आणि मिरचीचा खकाणा वर सोडणारी चिमणी हे सगळं नकाशासकट कराराला जोडून घ्यायला तीन मीटिंगा लागल्या. मग काकांनी सही केली. आजीच्या डोक्यावरचं छप्पर त्याहून जास्त थांबू शकत नव्हतं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची घरं पेठेत, चाळीत, जुन्या बाजारात आहेत. उद्या प्लॅन तुमच्याही पुढ्यात येईल, आणि घरचे विचारतील, "इंजिनीअर, बघ जरा." तेव्हा चौरस फुटांवर थांबू नका. दुकानाचं तोंड कुठे, खाली काय, वर कोण, आणि इमारत बांधून होईतो गिऱ्हाईक कुठे जाणार, हे विचारा. दरमहा भाडं देणारा बिल्डर जागेची सोय करतो. गिऱ्हाईक सांभाळायचं कलम करारात नसतं.

सध्या डंका दोन गल्ल्या सोडून एका भाड्याच्या शेडमध्ये आहे. जुनी गिऱ्हाइकं अर्धीच सापडली. हलवाहलवीत यंदाचा हंगाम पाऊण बुडाला, म्हणून बरणी उशिरा. नवी इमारत होईपर्यंत काका तग धरतील का, आणि वरच्या मजल्यावरचे नवे शेजारी मिरचीचा ठसका सहन करतील का, हे आयएस कोडमध्ये लिहिलेलं नाही.

असो. बरणी माझ्या कपाटात आहे, कुलूप लावून. मागून घ्या, देईन. चमचा मात्र आपापला आणा!