मिड-ड्राइव्ह की हब-ड्राइव्ह? इलेक्ट्रिक सायकलीच्या मोटरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

इलेक्ट्रिक सायकलीची मोटर चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये असेल तर त्या रचनेला हब-ड्राइव्ह म्हणतात आणि अशी मोटर चाक थेट फिरवते. मोटर पॅडलच्या आसापाशी, फ्रेमच्या तळाला असेल तर ती मिड-ड्राइव्ह, आणि तिचा जोर स्वाराच्या पायांच्या जोरासह चेन व गिअर यांमधून मागच्या चाकाकडे जातो. दोहोंचे बहुतेक गुणदोष या एकाच फरकातून निघतात. तरीही मिड-ड्राइव्ह म्हणजे आधुनिक आणि उत्तम, हब-ड्राइव्ह म्हणजे स्वस्तातली तडजोड, अशी सरसकट विभागणी केली जाते आणि हौसेखातर किंवा जवळच्या कामांसाठी सायकल घेणारा ग्राहक गरज नसताना बराच जास्त पैसा मोजून बसतो.

आधुनिकतेचा मुद्दा तर टिकतच नाही. मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असलेल्या सायकलीचे अमेरिकी पेटंट ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्ये मिळाले आणि पॅडलच्या आसाशी मोटर बसवण्याच्या रचनेचे पेटंट होझिया लिबी यांना १८९७ मध्ये. म्हणजे दोन्ही कल्पना जवळजवळ समवयस्क आहेत.

सर्वाधिक दिशाभूल होते ती टॉर्कच्या आकड्यांमुळे. टॉर्क म्हणजे आस फिरवणारा पीळ, आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एका सायकलीच्या माहितीपत्रकात ६० आणि दुसरीच्या माहितीपत्रकात ४० हा आकडा दिसला की पहिली दीडपट जोरदार असणार, असे ग्राहक धरून चालतो. परंतु मिड-ड्राइव्हचा आकडा पॅडलच्या आसावरचा असतो आणि हब-ड्राइव्हचा प्रत्यक्ष चाकावरचा, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलनाच होऊ शकत नाही. पुढच्या दातेरी चक्राला ४२ आणि मागच्याला १४ दाते असतील, तर चाक पॅडलच्या तिप्पट वेगाने फिरते आणि पीळ एकतृतीयांश होतो, म्हणजे ६० पैकी २० न्यूटन-मीटरच चाकापर्यंत पोहोचतात. मागे २८ दात्यांचे चक्र घेतल्यास ४० पोहोचतात आणि पूर्ण ६० मिळवायचे तर मागेही ४२ दात्यांचेच चक्र लागते. मिड-ड्राइव्हचे सामर्थ्य असे गिअर बदलण्यात दडलेले आहे, आणि जो स्वार वर्षभर एकाच गिअरमध्ये सायकल चालवतो त्याच्या हाती त्यातले फारसे काही लागत नाही.

चढावर मात्र हा फरक खरा आहे. हब-मोटरचा वेग चाकाच्या वेगाला बांधलेला असतो, त्यामुळे वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या पसरणी घाटासारख्या लांब चढावर सायकल मंदावली की मोटरही मंद फिरते आणि विजेचा मोठा वाटा गती देण्याऐवजी उष्णतेत जातो. मिड-ड्राइव्ह हलक्या गिअरमध्ये आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. ७० किलोचा स्वार आणि २५ किलोची सायकल धरली, तर सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगासाठी साधारण १०० वॅट पुरतात, पण ५ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरलाच सुमारे २५० वॅट लागतात. भारतात परवाना आणि नोंदणीशिवाय चालणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलीसाठी मोटरची क्षमता २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो, म्हणून घाटात पायांना काम करावे लागतेच, मोटर कुठेही असो. शहरातला उड्डाणपूल हा घाट नव्हे. तेवढा आखूड चढ चांगली हब-मोटर सहज पार करते.

हब-ड्राइव्ह झटका देते, ही तक्रारही बहुधा चुकीच्या ठिकाणी केली जाते. पॅडल फिरत आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असेल, तर मोटर थोड्या विलंबाने आणि एकदम जोर लावते. पायांनी किती जोर लावला हे मोजणारा टॉर्क-सेन्सर असेल, तर साथ त्या प्रमाणात आणि लगेच मिळते. मिड-ड्राइव्हमध्ये टॉर्क-सेन्सर सर्रास असतो म्हणून त्याचे श्रेय मोटरच्या जागेला दिले जाते, वास्तविक तो हब-ड्राइव्हलाही बसवता येतो आणि काही सायकलींत बसवलेला असतो. खरेदीच्या वेळी विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे.

सपाट रस्त्यावर एका चार्जमध्ये किती अंतर कापले जाईल, हे मोटरच्या जागेपेक्षा बॅटरीवर आणि स्वार स्वतः किती जोर लावतो यावर अवलंबून असते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा मावते. दर किलोमीटरला १० वॅट-तास खर्च झाले तर ३६ किलोमीटर, मग मोटर कोणतीही असो. ब्रेक लावताना बॅटरी पुन्हा भरते हा समजही बहुतांश सायकलींना लागू नाही, कारण तशी सोय गिअर नसलेल्या जड हब-मोटरमध्येच सहसा शक्य होते आणि तिथेही परतावा थोडाच असतो.

देखभालीत दोहोंचे दुखणे वेगळे आहे. मिड-ड्राइव्हमध्ये पाय आणि मोटर या दोघांचा भार चेनवर पडतो, त्यामुळे चेन आणि मागची दातेरी चक्रे लवकर झिजतात, तर हब-मोटरचा भार चेनवर येत नाही. त्याऐवजी तिचे वजन आणि ताण मागच्या चाकाच्या स्पोकवर येतो, आणि चाक काढायचे झाले तर आधी मोटरच्या वायरचा जोड सोडवून मग आसाचे घट्ट नट पान्याने सैल करावे लागतात. पंक्चरसाठी मात्र ही खटपट दरवेळी करावी लागत नाही. टायर एका बाजूने रिमवरून उतरवून ट्यूब बाहेर ओढली की चाक जागेवर ठेवूनच ठिगळ लावता येते, आणि कोपऱ्यावरचे पंक्चरवाले हे काम रोज करतात.