धावण्याच्या प्रशिक्षकाने काय वाचावे?

रायपूर शहरात उन्हाळ्याच्या दिवसांत पहाटे पाचच्या सुमारास मैदाने जागी होतात. सैन्यात किंवा पोलीस दलात भरती होऊ इच्छिणारी मुले-मुली तेथे धावण्याचा सराव करीत असतात. त्यांच्यासमोर गळ्यात शिटी आणि हातात घड्याळ घेतलेला प्रशिक्षक उभा असतो. बहुधा तो स्वतः एके काळचा धावपटू असतो आणि आपल्या गुरूंनी जे शिकवले तेच तो पुढे शिकवतो. ‘धावताना पाणी पिऊ नका’, ‘पाय दुखतात म्हणजे आम्ल साचले आहे, आणखी धावा म्हणजे ते निघून जाईल’, ‘विश्रांती घेणारा मागे पडतो’ अशी वाक्ये मैदानावर वारंवार ऐकू येतात. अशा समजुतींपैकी काही निरुपद्रवी असतात, तर काही जिवावर बेतू शकतात. त्यांतील भेद केवळ अनुभवाने कळत नाही. त्यासाठी वाचनाची जोड लागते. हे वाचन कोणते असावे आणि ते कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार आपण या पाठात करू.

शास्त्रीय प्रशिक्षणाची ही उणीव आपल्याकडे फार पूर्वी लक्षात आली होती. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत सर दोराबजी टाटा यांनी लांब पल्ल्याच्या शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी तरुण होते. ते अनवाणी धावत होते, त्यांना कोणतेही शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते. तरीही त्यांची कामगिरी युरोपातील धावपटूंच्या तोडीची आहे, हे टाटांच्या ध्यानी आले. त्यांच्या पुढाकाराने १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठवण्यात आले. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. गुण होते, जिद्द होती. ज्ञानाची जोड मात्र नव्हती. शंभर वर्षांनंतर ते ज्ञान पुस्तकांत उपलब्ध आहे. आता ते मैदानापर्यंत पोहोचवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे.

वाचनाचा आरंभ शरीरापासून करावा. व्यायामामुळे शरीरात कोणते बदल घडतात, हे सांगणाऱ्या शास्त्राला व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र म्हणतात. मॅकआर्डल आणि कॅच बंधू यांचा ‘एक्सरसाइज फिजिऑलॉजी’ हा १९८१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयाचे जगन्मान्य पाठ्यपुस्तक आहे. ग्रंथ मोठा आहे. तो एका बैठकीत वाचायचा नसतो. हृदय, श्वसन, स्नायू आणि ऊर्जा यांवरील प्रकरणे आधी वाचावीत. त्यांतून एक मूलभूत गोष्ट समजते: शरीर धावताना बलवान होत नाही. धावताना ते थकते आणि त्यानंतरच्या विश्रांतीत स्वतःला पूर्वीपेक्षा अधिक सक्षम करते. म्हणून झोप, आहार आणि विसाव्याचा दिवस हे प्रशिक्षणाचेच भाग ठरतात.

आम्लाविषयीची समजूतही येथेच तपासून पाहता येते. जोराने धावताना स्नायूंत लॅक्टेट तयार होते, हे खरे आहे. मात्र ते निव्वळ टाकाऊ द्रव्य नसून हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात. धावणे थांबल्यावर साधारण तासाभरात त्याचे प्रमाण पूर्ववत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारे दुखणे हे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे असते. अशा वेळी आणखी जोराने धावायला लावल्यास आम्ल निघून जात नाही, इजा मात्र वाढू शकते.

शरीर समजल्यावर दुसऱ्या पायरीवर नामवंत प्रशिक्षकांची पुस्तके वाचावीत. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांचे ‘रन टू द टॉप’ हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. लिडियार्ड विद्यापीठात शिकलेले नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःवर प्रयोग केले. आधी कित्येक आठवडे लांब आणि सहज गतीचे धावणे, मग चढणीवरचा सराव आणि शेवटी वेगाचे काम, असा क्रम त्यांनी घालून दिला. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, ८०० मीटरमध्ये पीटर स्नेल आणि ५,००० मीटरमध्ये मरे हालबर्ग यांनी, एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवली. पुढे स्नेल स्वतः व्यायाम-शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक झाले. अनुभवातून सापडलेली वाट शास्त्राच्या आधारे पुन्हा तपासण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

अमेरिकेचे जॅक डॅनियल्स यांचे ‘डॅनियल्स रनिंग फॉर्म्युला’ (१९९८) हे पुस्तक अधिक व्यावहारिक आहे. धावपटूच्या आजच्या कामगिरीवरून त्याच्या सरावाची योग्य गती कशी ठरवावी, याची कोष्टके त्यात आहेत. प्रत्येक सरावाचा हेतू प्रशिक्षकाला सांगता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह आहे. पंचवीस मुलांना एकाच वेगाने पळवणाऱ्या प्रशिक्षकाने हे पुस्तक अवश्य वाचावे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. पुस्तके जुनी होतात. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांचा ‘लोर ऑफ रनिंग’ हा धावण्यावरील विख्यात ग्रंथ आहे. त्यातील आहारविषयक विवेचन आपल्याला आता मान्य नाही, असे पुढे स्वतः लेखकानेच जाहीर केले. त्यांची नवी मतेही सर्व शास्त्रज्ञांना पटलेली नाहीत. पाण्याबाबतही असेच घडले. पूर्वी धावताना पाणी वर्ज्य मानले जाई. नंतर शक्य तेवढे पाणी प्यावे, असे सांगितले जाऊ लागले. अतिरेकी पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटून धावपटू दगावू शकतो, हे त्यानंतर सिद्ध झाले. तात्पर्य, पुस्तकाची नवी आवृत्ती पाहावी आणि कोणत्याही एका ग्रंथाला अंतिम प्रमाण मानू नये.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. परदेशी पुस्तकात रायपूरचा मे महिना नसतो. उष्ण हवेची सवय होण्यास शरीराला साधारणपणे दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि घाम लवकर येऊ लागतो. म्हणून उन्हाळ्यात नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण सराव देऊ नये. धावताना कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता त्याचे शरीर थंड पाण्याने त्वरित थंड करावे लागते.

छत्तीसगडमध्ये आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष बऱ्याच कुटुंबांत आढळतो. त्याचे वाहक असलेले तरुण एरवी निरोगी दिसतात आणि खेळूही शकतात. परंतु तीव्र उष्मा, शरीरातील पाण्याची कमतरता आणि विश्रांतीविना सलग वेगवान फेऱ्या हे एकत्र आले, तर त्यांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. असा मुलगा ‘पाय चालत नाहीत’ म्हणतो, तेव्हा तो आळशी नसतो. त्याला तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे. मात्र वाहक आहे म्हणून कोणाला मैदानाबाहेर काढणे हेही अज्ञानच होय. मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाचा विचार करावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर ओरडून वेग वाढत नाही.

ही पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी आहे. मराठी वाचकाने मराठी विश्वकोशातील शरीर, आहार आणि व्यायाम यांवरील नोंदींपासून सुरुवात करावी. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ आपल्या देशी व्यायामपरंपरेची ओळख करून देतो. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांच्या नावाची शाळा रायपुरात आहे. एका भाषेतील ज्ञान दुसऱ्या भाषेत नेण्याचा तो वारसा प्रशिक्षकालाही चालवता येईल. वाचलेल्या प्रकरणाचा सारांश आपल्या भाषेत वहीत लिहावा आणि तो मुलांना समजावून सांगावा. जे समजावता येत नाही, ते आपल्यालाही पुरते समजलेले नाही, असे मानावे.

त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूस प्रत्येक धावपटूचा सराव, झोप, वजन आणि तक्रारी यांची नोंद ठेवावी. पुस्तकातील नियम आपल्या मैदानावर कितपत लागू पडतो, हे अशा नोंदींतूनच कळते. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला पदक किंवा नोकरी मिळेलच असे नाही. परंतु तो जसा धडधाकट आला, तसाच धडधाकट घरी परतला पाहिजे. ही प्रशिक्षकाची पहिली जबाबदारी आहे आणि ती पार पाडण्यासाठीच त्याने वाचले पाहिजे.