इरिल कुणाचा?

मंचरहून नारायणगाव मागे टाकलं की जुन्नर. तिथल्या लेण्यांत ब्राह्मी दानलेख आहेत. एकात ‘गतांचा’ इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे परदेशी माणसानं, पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे, दुसऱ्यात चित या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. चित आपल्याकडे खपून जातं. इरिल मात्र कानाला खटकतं.

नॉर्वेचे भारतविद्या अभ्यासक स्टेन कोनो यांना ते ओळखीचं वाटलं. ‘गत’ म्हणजे गॉथ ही जर्मानिक टोळी आणि इरिल हे त्यांच्यातलं नाव, असं त्यांनी १९१२ साली मांडलं. स्वीडनमधल्या यार्सबर्गच्या शिळेवर रून लिपीत ‘एरिलाझ’ हे बिरुद आहे, हे खरं. पण हे लेख कोरले गेले त्या काळी गॉथ होते पोलंडच्या बाजूला. एका नावाच्या भरवशावर त्यांना नाणेघाटाजवळ आणून सोडणं मला ताणलेलं वाटतं.

इरिलला आडनाव नाही, हे मात्र त्याचं एकट्याचं नाही. लेण्याद्रीचं चैत्यगृह देणारा सुलसदत्त स्वतःला ‘कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा’ म्हणवतो. हेरणिक म्हणजे बहुधा सोनार. बाप, धंदा, गाव, झाली ओळख. स्कँडिनेव्हियातही असंच चाले. अँडर्सचा मुलगा अँडरसन, मुलगी अँडर्सडॉटर, आणि नातवंडांचं नाव पुन्हा वेगळं. नॉर्वेत माणूस ज्या वाडीवर राही तिचं नाव लावी. वाडी बदलली की तेही बदले. स्वीडनच्या पलटणीत अँडरसनांची गर्दी झाली, तेव्हा शिपायांना रास्क (चपळ), मोडिग (शूर) अशी आखूड नावं मिळाली. कायम आडनावाची सक्ती नॉर्वेत कायद्यानं आली ती १९२३ साली. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना आडनाव नाही. तिथली टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली असे.

मंचरात नुसतं ‘बाणखेले’ म्हणून घर विचारून बघा. समोरचा आधी विचारणार, कोणाचे? मग बापाचं नाव सांगावं लागतं. ते आपण कागदावरही मधोमध लिहितो, म्हणजे नॉर्वेनं सोडलेली रीत आपण आडनावासकट सांभाळली.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदीत बापाच्या आधी आईचं नाव आलं. लगेच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आठवतो. पण ‘गौतमी’ ही गोत्राची खूण. त्याच्या आईचं स्वतःचं नाव बलश्री. ते नाशिकच्या लेखात कोरलेलं आहे, मुलाच्या नावात नाही.